मागं ऐकू गेलं का?

आमच्या सरांना मी कधी पहिल्या रांगेत बसलेलं पाहिलं नाही. चर्चासत्र असो, निरोपसमारंभ असो, कुणाचं लग्न असो, ते मांडवात शिरले की सगळ्यात मागची खुर्ची शोधायचे. आयोजक धावत यायचे. "सर, पुढं चला, तुमची जागा पुढं हाय." सर म्हणायचे, "पुढं बसल्यावर सगळंच ऐकू येतंय. मग बोलणाऱ्याची परीक्षा कोण घ्यायची?" मग ते खिशातून लाल चौकड्यांचा रुमाल काढून मांडीवर ठेवायचे. वक्त्याचा आवाज मागे पोचेनासा झाला की रुमाल वर जायचा. ते स्वतः नसलेल्या कार्यक्रमाहून कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मागं ऐकू गेलं का?" एकदा दूरवरून आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांचं पूर्ण भाषण रुमाल वर धरून झालं. पाहुण्यांना वाटलं, मागे कुणाला तरी फार उकडतंय. त्यांनी बोलता बोलता पंखा वाढवायला सांगितला.

सर परभणीच्या एका बी.एड. कॉलेजात शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवायचे आणि माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक होते. शिवाय ते एक नियतकालिक चालवायचे. शाळांमध्ये मोबाईल, टॅब, ॲप आल्यावर शिकण्याचं नेमकं काय होतं, यावरचं संशोधन त्यात छापून यायचं. छापून म्हणजे इंटरनेटवर. वाचणाऱ्याने काही द्यायचं नाही, लिहिणाऱ्यानेही काही द्यायचं नाही. संपादकीय कार्यालय म्हणजे सरांच्या घराची पुढची खोली, आणि त्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं.

सरांच्या घरी इन्व्हर्टर होता, गल्लीत बाकी कुणाकडे नव्हता. लाईट गेली की शेजारपाजारचे लोक मोबाईल चार्ज करायला यायचे. सर कुणाला नाही म्हणायचे नाहीत, पण त्या बदल्यात एक पान मोठ्याने वाचून घ्यायचे. समोर जे संशोधन आलेलं असेल त्याचं मराठी पान. भाजीवाल्या मावशी, शिलाईकाम करणारी एक मुलगी, रिक्षावाले चाचा, सगळ्यांनी त्या खोलीत संशोधन वाचलेलं आहे. वाचणारा अडखळला की सर तिथे लाल पेन्सिलने टिंब द्यायचे. टिंबं फार झाली की लेख लेखकाकडे परत जायचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "हे घर न्हाई, एसटी स्टँड हाय. फक्त गाड्या लागायच्या राहिल्यात."

"स्टँडवर तरी कुठं कुणी कुणाला वाचून दाखवतंय?" सर म्हणायचे.

"तेच म्हणायलेय. तिथं तरी निवांत बसता येतंय."

या नियतकालिकाची एक अट होती आणि त्या अटीपायीच लोक सरांना वेडे म्हणायचे. ज्या गावात, ज्या शाळेत संशोधन केलं, तिथे परत जायचं आणि काय लिहिलंय ते तिथल्या लोकांना मराठीत वाचून दाखवायचं. त्याशिवाय लेख छापायचा नाही. प्रत्येक लेखाखाली एक ओळ असायची, 'हा लेख अमुक गावी वाचून दाखवला.' बाकीच्या जगात लेखाखाली संदर्भसूची असते. सरांच्या लेखी ती ओळ हाच पहिला संदर्भ होता.

वाचनाला सर स्वतः जायचे, लेखक कितीही नवखा असला तरी. सोनपेठला एकदा त्यांनी मुद्दाम बाजाराचा दिवस धरला, लोक जमतील म्हणून. लोक जमले, पण बाजारात. शेवटी सरांनी बियाणं विकणाऱ्याच्या रिक्षावरचा भोंगा मागून घेतला आणि लेखकाला रिक्षात बसवून वाचायला लावलं. बरीच माणसं गोळा झाली. वाचून संपलं तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "समदं खरं हाय, पण पिशवी केवढ्याला?"

सरांच्या नियतकालिकाचं नाव मान्यताप्राप्त यादीत नव्हतं. त्यात छापून आलेल्या लेखाने बढती मिळत नसे. त्यामुळे तिथे लिहिणारे दोनच प्रकारचे असायचे, हट्टी आणि नाइलाज झालेले. मी कशात मोडते हे मला पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, पण पुस्तकं सगळी इंग्रजी. मला मराठी वाचता येतं, मात्र मनातल्या मनात. मोठ्याने वाचताना जोडाक्षर आलं की मी रस्ता ओलांडायला उभी राहिल्यासारखी थांबते, दोन्हीकडे बघते आणि मग पुढे जाते. त्यात स्वभावाने मी कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात, त्याचा मी कॉलेजात बराच फायदा घेतला. सरांकडे पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी समोरचं एक पान माझ्या हातात दिलं. चार ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "माय, तू वाचायलीस का देवाला नमस्कार करायलीस?"

सर सगळ्या विद्यार्थिनींना 'माय' म्हणायचे. रागावले की 'बाईसाहेब'.

दुसरा प्रश्न त्यांनी त्याच दिवशी विचारला. मी म्हणाले होते की मला अमुक इतक्या विद्यार्थ्यांचा डेटा गोळा करायचा आहे. सर पुढे वाकले. "डेटाचं नाव काय?"

मला वाटलं सॉफ्टवेअरचं नाव विचारतायत. मी ते सांगितलं.

"तसं न्हाई. ज्या लेकराचा डेटा, त्या लेकराचं नाव काय? लिहायचं न्हाई कुठं. पण तुला ठावं पायजे. नाव ठावं नसलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात लय सैल सुटतो."

संमतीपत्राला सर 'इजाजत' म्हणायचे. आजोबांकडून आलेला शब्द असावा, जुन्या निजामी वळणाचा. बाकीचे मार्गदर्शक फॉर्मवर सह्या आहेत का बघायचे. सर विचारायचे, "इजाजत घेतली का? कशी घेतली? बसून का उभ्यानं?" उभ्याने घेतलेली इजाजत त्यांना मान्य नव्हती. उभा माणूस निघायच्या घाईत असतो आणि कशालाही हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक टापटीप गृहस्थ सरांकडे आले होते. तुमचा लेख आठवड्यात छापून देतो, प्रमाणपत्रासकट, असा त्यांचा धंदा. सरांच्या विद्यार्थ्यांची नावं त्यांना हवी होती. सरांनी त्यांना आदराने बसवलं, काकूंकडून चहा आणवला आणि म्हणाले, "तुमी छापलेलं एखादं वाचून दाखवा की." गृहस्थांनी मोबाईलवर एक मराठी लेख उघडला. तो कुठून तरी उचलून मशीनकडून मराठीत करून घेतलेला होता. गृहस्थ वाचू लागले, "विद्यार्थ्यांच्या हातात उंदीर दिल्यावर त्यांचा आत्मविश्वास वाढलेला दिसून आला." खोलीत चार्जिंगला आलेले तिघेचौघे होते. भाजीवाल्या मावशींनी हातातला कप खाली ठेवला. "कुठल्या शाळंत देतेत हो उंदीर?" गृहस्थ पुढच्या ओळीवर गेले, तिथे स्मार्ट बोर्डाची हुशार फळी झाली होती. मग ते स्वतःच हसायला लागले आणि चहा संपवून गेले. सर त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेले होते. परत येऊन म्हणाले, "माणूस वाईट न्हाई. त्यानं छापलेलं आजवर कुणी वाचायलाच लावलं नव्हतं त्याला."

आता माझ्या लेखाची गोष्ट सांगते, कारण सर मला खरे समजले ते त्या लेखामुळे.

माझा अभ्यास येलदरी धरणाच्या बाजूच्या एका गावातला होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत अभ्यासाचं एक ॲप आलं होतं. मुलांनी घरच्या मोबाईलवर धडे बघायचे, प्रश्न सोडवायचे, आणि शिक्षकांना कळायचं कोण किती शिकलं. जिल्ह्यात हे फार चांगलं चाललंय असं सगळीकडे सांगितलं जायचं. मी घरोघरी बसून बघत होते. एका घरातला मुलगा ॲपच्या हिशेबाने शाळेत पहिला होता. प्रजासत्ताकदिनी झेंड्यासमोर त्याचा सत्कार झाला, मनगटी घड्याळ मिळालं. त्या घरी मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा मुलगा वडिलांबरोबर धरणावर जाळ्याला गेलेला. मोबाईल घरी होता आणि त्याची बहीण उंबऱ्यात बसून प्रश्न सोडवत होती.

दोघं सातवीच्या एकाच वर्गात. बहीण वर्षाने लहान, पण भावाला सोबत म्हणून बरोबरच शाळेत घातलेली. आणि ॲपमध्ये एका मोबाईल नंबरवर एकाच विद्यार्थ्याचं नाव टाकता यायचं. घरात मोबाईल एक. नाव अर्थातच मुलाचं टाकलं. मुलगी त्या नावाने शिकत होती, त्या नावाने पहिली येत होती, आणि ॲपच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती.

मी हे इंग्रजीत लिहिलं, आणि मला वाटतं बरं लिहिलं. बाहेरच्या एका मोठ्या नियतकालिकाला पाठवलं आणि त्यांनी ते घेतलं. आमच्याकडे तेव्हा प्रबंध देण्याआधी एक लेख मान्यताप्राप्त ठिकाणी छापून आलेला लागायचा, आणि कॉलेजातली माझी तासिकेवरची नोकरी पुढच्या वर्षी राहणार की नाही हेही त्या पदवीवर होतं. म्हणजे एका ईमेलमध्ये माझं सगळंच मार्गी लागलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं की लेख सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा की नाही. उघडा ठेवायचा तर भलंमोठं शुल्क मी भरायचं. नाहीतर लेख कुलुपात राहणार, ज्यांच्या विद्यापीठाने वर्गणी भरलीय त्यांनाच दिसणार. मी कुलूप निवडलं. आणि हे मी सरांना सांगायला गेले तेव्हा मला वाटत होतं की सर फक्त कुलुपावर चिडतील.

सरांनी लेख पूर्ण वाचला. मग म्हणाले, "लय चांगलं लिहिलंस. वाचून कवा दाखवायचं?"

"सर, हे तिथं वाचता येणार नाही."

"का?"

"मुलीच्या घरी कळेल. सगळ्या गावासमोर भावाचं..."

"आन् छापलेलं चालंल?"

"तिचं नाव कुठंच नाही सर. गावाचंही नाही."

"धरणाजवळचं गाव. जाळं टाकणारा बाप. एका वर्गात भाऊ-बहीण. भावाला घड्याळ मिळालेलं. असली घरं तिथं किती हाईत माय?"

असं एकच घर होतं.

"म्हणजे गावातल्यानं वाचलं की वळखणार. आन् गावातल्यानं वाचू नये म्हणून तुला ते कुलूप बरं वाटायलंय. इथून लांब, जिथं ती कवाच जायची न्हाई, तिथं तिची गोष्ट सगळ्यांना ठावं. तिला सोडून."

मी सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. कदाचित नोकरीची भीती होती, कदाचित राग. मी म्हणाले, "सर, तुमच्यासारखं उघडं छापलं तर ते तिच्याच मोबाईलवर उघडेल. तिच्या घरच्यांना आयतं मिळेल. मग तुमच्या उघड्या दाराचा तिला काय उपयोग? कुलुपात ती निदान सुरक्षित आहे."

सर उत्तर देतील म्हणून मी थांबले. त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला, घडी घातली, उलगडला, परत घडी घातली. आतून काकूंनी डोकावून पाहिलं. शेवटी सर म्हणाले, "जा तू. मला विचार करू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते, हातात कापडी पिशवी. आई गडबडून गेली. सर तिला म्हणाले, "चहा नको ताई. जिंतूरची गाडी हाय. हिला घेऊन जातो, संध्याकाळपर्यंत आणून सोडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावाला वाचून दाखवायचं न्हाई. फक्त तिला."

जिंतूरला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा शाळेत खिचडी शिजत होती. त्या मुलीची आईच शाळेत स्वयंपाकाला होती. मुख्याध्यापकांना सरांनी सांगितलं, अभ्यासाबद्दल थोडं बोलायचंय. त्यांनी स्वयंपाकाची खोली दाखवली, कारण रिकामी अशी दुसरी जागा नव्हती. मुलगी आली. आई पातेल्याजवळ होती. सरांनी दोघींना आधी खाली बसायला सांगितलं. आई म्हणाली, "खाली लागंल की खिचडी." सर म्हणाले, "मग तुमी हलवत ऐका. पण ही बसंल."

गाडीत बसून उतरवलेलं मराठी मी वाचून दाखवलं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. सत्काराचा भाग आला तेव्हा आईचं उलथणं थांबलं.

"हे मला ठावं हाय," आई म्हणाली. "पोरगं बापासंगट पाण्यावर असतंय. मोबाईल घरी. ही बसती. सत्काराला गेलते मी. टाळ्या बी वाजवल्या." आणि ती परत हलवायला लागली.

मुलीने सरांना विचारलं, "पयला नंबर खरंच आलता?"

"खरंच."

"मला वाटलं सर लोक उगं म्हणतेत." ती हसली, मग एकदम गंभीर झाली. "हे कुठं छापणार?"

"मोबाईलवर. कुणी बी उघडून वाचंल. फुकट," सर म्हणाले. कुलुपाचं त्यांनी नावही काढलं नाही.

"माझे बाबा बी?"

"त्ये बी."

तिने फार विचार केला नाही. मला वाटतं तिला तो करायची गरजच नव्हती. "मग आत्ता नका छापू. मोबाईल काढून घेतील. म्हणतील, हिला काय करायचंय." आणि सरांचा चेहरा पाहून, जणू त्यांचंच समाधान करायला हवं अशा आवाजात म्हणाली, "दहावी झाल्यावर छापा की. मी फोन करते."

दहावीला तीन वर्षं होती. मी सरांकडे पाहिलं. माझा प्रबंध, माझी नोकरी, सगळं त्यांना माहीत होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मुलीला म्हणाले, "ही गोष्ट तुझी हाय. पण मेहनत ह्या मॅडमची हाय. त्यांना विचार."

ती मला विचारायला वळली, तेव्हा मी हो म्हणाले. बसून म्हणाले, एवढं मात्र खरं.

परतीच्या गाडीत सर ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले होते. एसटीत ते पुढे बसायचे, तिथे भाषण नसतं म्हणून. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "इतक्या गावांत वाचलं माय. कुणी 'न्हाई' म्हणलं न्हाई आजवर. सगळी मान हलवायची. मला वाटायचं, इजाजत मिळाली. सगळ्या गावापुढं बसवून विचारल्यावर कोण न्हाई म्हणायलंय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या पोरीनं शिकवलं न्हाई मला. ती आपली मोबाईल वाचवायली होती. पण मला आपलं कळालं."

त्यानंतर नियम बदलला. आधी ज्याची गोष्ट त्याला एकट्याला वाचून दाखवायची, मग गावाला. लेखकांची संख्या आणखी घटली.

मी मोठ्या नियतकालिकाला लेख मागे घेत असल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते मशीनने पाठवलेलं होतं, माझ्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. सरांनी त्यांच्या पुढच्या अंकात एक गंमत केली. अनुक्रमणिकेत माझ्या लेखाला जागा दिली, मात्र शीर्षकही कोरं ठेवलं. आत पानं कोरी. तळाशी एकच ओळ, 'लेख तयार आहे. ज्यांचा आहे त्यांनी थांबायला सांगितलं आहे.' सगळ्या कॉलेजात हा विनोद झाला. स्टाफरूममध्ये एक प्राध्यापक मला म्हणाले, "तुमचा लेख वाचला हो. फार स्वच्छ लिहिलाय." दुसरे म्हणाले, "आता खरा सर्वांसाठी खुला झाला, अडाण्याला बी वाचता येतो." सरांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, "हसू दे. कोरं पान उघडून बघितलं त्यांनी. आपल्या भरलेल्या पानांना एवढे वाचक कवा होते?"

पदवीसाठी मी दुसरा लेख लिहिला, शिक्षकांच्या ॲपविषयीच्या दृष्टिकोनावर. तो वालूरच्या एका शाळेत वाचून दाखवताना स्वतः शिक्षकच पेंगले. सरांचा रुमाल वर गेला नाही. मी मागे पाहिलं तर तेही पेंगत होते. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. त्या एका वर्षात कॉलेजाने माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली, आणि मी घरी बसून शिकवण्या घेतल्या. सरांनी कधी 'वाईट वाटतंय का' असं विचारलं नाही. मात्र त्या वर्षात लाईट गेली की काकूंचा फोन यायचा, "ये गं, पोहे केलेत. आन् ह्यांना कुणी वाचणारं मिळंना गेलंय."

सर निवृत्त झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलीकडे लातूरला गेले. नियतकालिकाचा पासवर्ड त्यांनी मला फोनवर, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितला.

आणि यंदा जूनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, दहावी झाली."

मला एक क्षण लागला. मग मी विचारलं, घरी सगळ्यांना माहीत आहे का.

"आईला हाय. भावाला सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. फोन करायला त्याचाच मोबाईल दिला."

परभणीला पॉलिटेक्निकला तिचा नंबर लागणार होता, होस्टेलवर राहणार होती. आता मोबाईल काढून घेतला तरी चालेल, असं ती म्हणाली. आणि मग, "पण वाचून दाखवायचं असतंय ना आधी? सगळ्यांना?"

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. पुष्कळ लोक आले, काहींना वाटलं पॉलिटेक्निकच्या नंबराचा सत्कार आहे. वडील खांबाला टेकून बसले होते. भाऊ सगळ्यात मागे, दाराच्या चौकटीत. मी वाचायला लागले. जोडाक्षरं आली तशी थांबत, दोन्हीकडे बघत. दुसऱ्या पानावर मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मॅडम, द्या इकडं. मागं ऐकू येईना गेलंय तुमचं." आणि तिने माझ्या हातातून कागद घेतले.

ती भरभर वाचत गेली. एका नंबरवर एकच विद्यार्थी. घरात मोबाईल एक. नाव कुणाचं टाकलं. उंबऱ्यात कोण बसायचं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. झेंड्याच्या कार्यक्रमाची ओळ आली आणि तिचा आवाज खाली आला, इतका खाली, की शेजारी उभी असून मला नीट कळेना. मी सवयीने मागे पाहिलं. रुमाल शोधत होते बहुधा.

"मागं येईना गेलंय," दारातून भाऊ म्हणाला. सगळे वळले. तो बहिणीकडे बघत होता. "मोठ्यानं वाच की."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मोठ्याने.

वडिलांनी मान वळवून मुलाला विचारलं, "मंग त्ये घड्याळ कुणाचं?"

"बंद पडलंय ते कवाच," मुलगा म्हणाला. आधी त्याची आई हसली, मग बाकीचे. वडील हसले नाहीत. ते मुलीला म्हणाले, "फुडं वाच. संपलं का?"

संपलं नव्हतं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

येताना जिंतूरच्या स्टँडवरून मी सरांना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मला चारचौघांत ओरडून बोलावं लागलं. मी ओरडून सांगितलं की लेख वाचून झाला, उद्या कोऱ्या पानांवर चढवते. अंक मान्यताप्राप्त यादीत नाही, माझ्या नोकरीचं काय, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. वाचलं कुणी, हेही विचारलं नाही. नेहमीचाच प्रश्न विचारला.

"मागं ऐकू गेलं का?"

"मागूनच आवाज आला, सर."

"आँ?"

स्टँडवरची माणसं माझ्याकडे बघत होती. मी आणखी मोठ्याने सांगितलं.